गल्लीकडे दार

कापसाची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाली, शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, तुरी घरात येऊन पडल्या, की आमच्याकडच्या माणसांना घरं आठवतात. वर्षभर डोक्यावर असलेलं छप्पर तेव्हा कुठं नजरेला पडतं. कोणी छपरावरचे कवेलू फेरायला काढतं, कोणी भिंतीचे पोपडे खरवडून नव्या मातीचा हात फिरवतं, कोणी खचलेल्या ओट्याचा दगड वर उचलतं. यवतमाळात आता कवेलूची घरं शोधावी लागतात. तरी चैत्र लागला की मला तो वास येतो: भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा, तिच्यात पायानं तुडवलेल्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा. नाकाला सवय लागली की ती जात नाही.

परवा आमच्या कॉलनीत दोन बंगल्यांच्या मधे राहिलेल्या चिंचोळ्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली. दोन्हीकडचे शेजारी आपापल्या कंपाउंडशी उभे राहून बघत होते. कोणी येऊन राहणार, कसा असेल, आपला वारा अडवेल, आपल्याकडे खिडकी काढेल. दोघांच्या कपाळावर एकच आठी होती. मी हातातली दुधाची पिशवी तशीच धरून उभा राहिलो. ती आठी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मुकुटबनच्या एका गल्लीत, छप्पन सालानंतर चारपाच वर्षांनी, एका उन्हाळ्यात मी ती रोज पाहत होतो.

मी तेव्हा नवखा ओव्हरसियर होतो. पहिली नेमणूक पांढरकवड्याला झालेली, अंगावर खाकी शर्ट, बुडाखाली सायकल, आणि पाठीवर नकाशांची पत्र्याची नळी. स्वस्त घरांची एक सरकारी योजना आली होती. तिचा छापील नमुना नकाशा असे: चौकोनी घर, चारी बाजूंनी मोकळी जागा, समोर पायरी. साहेब म्हणत, गावाबाहेर माळ पडलाय, तिथं ओळीनं ठोकून दे. माळावर घर काढणं सोपंच असतं. तिथं कोणाची भिंत नसते, कोणाचा ओटा नसतो, कोणी बघायलाही येत नाही. पण मुकुटबनच्या चार कुटुंबांनी अर्ज करताना माळ मागितला नव्हता. त्यांनी गावातलं खिंडार मागितलं होतं.

खिंडार म्हणजे एका जुन्या तेलघाणीचं पडकं घर. मालक कधीच गाव सोडून गेलेला, मागं वारस कोणी नाही. गल्लीतली सगळी घरं एकमेकांना खेटून उभी, आणि मधेच ही जागा, दात पडल्यासारखी. पायाचे दगड उघडे, त्यांच्यात तरवडाची झुडपं. पोरं तिथं विटीदांडू खेळत, लोक बैलबंड्या सोडत. जागा पंचायतीची झाली होती आणि सरपंचांनी तिथं घरं बांधायला होकार दिला होता. अर्ज करणारी चारही घरं नाल्यापलीकडच्या वस्तीतली, छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेली. दोघं सख्खे भाऊ, सखाराम आणि मोतीराम, शेतमजूर. एक नामदेव, जिनिंगमधला कामगार, बायको रुख्मा आणि लहान लेकरं. आणि चौथी वच्छलामाय.

वच्छलामाय सुईण होती. एकटी बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ताठ चालायची. केस पांढरे व्हायला लागलेले, पण हात जवान बाईसारखे. त्या गल्लीतली अर्धीअधिक माणसं तिच्या हातांत जन्मली होती. पूर्वी तिला घरात घेत ते मागच्या दारानं. काम झालं की सुपात जुनं लुगडं आणि ज्वारी, तीही मागच्याच दारात. नागपूरहून आल्यावर तिनं एवढंच सांगितलं होतं, "बोलावलं तं येतो. पण समोरच्या दारानं येतो." काही घरांनी ते मानलं. काहींनी तिला बोलावणंच सोडलं.

मी पहिले काही दिवस नुसती गल्ली मोजली. छापील नकाशा त्या खिंडारात बसणारच नव्हता. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली असती तर एकच घर झालं असतं, आणि तेही लग्नाच्या पंगतीत न बोलावलेल्या पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं. म्हणून मी गल्लीलाच विचारायचं ठरवलं. तिथला प्रत्येक ओटा मांडीएवढा उंच, माणूस बसला की पाय सुखानं लोंबकळावेत असा. सगळे ओटे एका रेषेत, त्यामुळे हातात सूप घेऊन बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली न उतरता जाई. छपरं पुढं इतकी ओढलेली, की वैशाखातलं ऊन उंबऱ्याला शिवायचं ते संध्याकाळीच. ओट्यानंतर सपरी, म्हणजे पुढची पडवी, सपरीतून आतलं घर, मग चूल, मग मागचं दार. पुढच्या दारातून पाहिलं तर मागच्या परसातला कडुनिंब दिसायचा. दुपारी गल्लीत लूचे झोत फिरत, आणि या घरांच्या सपरीत मात्र माठाजवळ बसल्यासारखं वाटे. मी कागदावर काढलं ते हेच. गल्लीत जे होतं तेच, फक्त अंगानं लहान.

खर्च बसवायचा तो भिंतींत. दोन घरांत एक भिंत, म्हणजे अर्धी माती, अर्धी मेहनत. पडक्या घराचे दगड पायाला होतेच. एका टोकाला गुलाबराव शिंप्याचं घर होतं. त्यांनी भिंत लगेच दिली. "या बाप्पा, या," ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "खिंडारातून साप येऊन राह्यले माह्या घरात. मानसं आली तं बरंच होईन."

दुसऱ्या टोकाला विठोबाजींचं घर. कापूस-तुरीचे शेतकरी, बोलणं कमी, गल्लीत शब्दाला वजन. त्यांच्या भिंतीला भिंत लावली तर खिंडारात बरोबर चार घरं बसत होती. त्यांनी नाही म्हटलं तर मधे सांद सोडावी लागणार होती, आणि सांद सोडली की घरं तीनच. उरलेली पट्टी नकाशातल्या घराला पुरणारी नव्हती.

मी त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांची ती भिंत मी पाहिली होती. एके काळी ती दोन घरांच्या मधली, आतली भिंत; पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. शेजारचं घर पडल्यापासून ती उघडी पडलेली, आणि दर पावसाळ्यात विठोबाजी तिच्यावर तुराट्यांचे विणलेले ताटवे बांधत.

"तुमच्या भिंतीला आधारच होईल," मी म्हणालो.

"आधार पाह्यजे का नाई, थे मी पाहीन," ते म्हणाले. मग बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "भित देतो सायेब. आडवा येत नाई मी. पण दारं तिकडं करा. नाल्याच्या अंगानं."

"आणि गल्लीकडं?"

"गल्लीकडं भित राहू द्या. कोरी."

त्यांनी मग आवाज खाली आणला. "शांतीची सोयरीक पाहून राह्यलो. पाव्हणे येतीन, या ओट्यावर बसतीन, बाजूले पाह्यतीन. काय सांगू त्याइले? मी वाईट मानूस नाई सायेब. पोरीचा बाप हाओ."

आत स्वयंपाकघरात त्यांची बायको अनुसयाबाई भाकरी थापत होती. भाकरीचा आवाज मधेच थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

साहेबांना मी दोन्ही नकाशे दाखवले. चार घरं, गल्लीकडे पाठ. किंवा तीन घरं, गल्लीकडे दार. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोजता येण्यासारखी गोष्ट पटकन दिसे. "चार," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो, "राहणाऱ्यांना विचारून येतो." त्यानं हात हलवला, जा म्हणाला.

सकाळी नाल्यापलीकडे गेलो तेव्हा पळस फुलून सरला होता आणि मोहाचा गोड, आंबूस वास सगळ्या वस्तीवर पसरला होता. घरांच्या कुडांवर गेल्या पुराची रेघ अजून दिसत होती, माणसाच्या गुडघ्याच्या वर. लिंबाखाली चौघांच्या घरची माणसं बसली. मी दोन्ही नकाशे मातीवर पसरले, कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि विठोबाजींनी जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

नामदेव पहिल्यांदा बोलला. "पानी पायरीवर येते माय आपल्या. मांगच्या श्रावनात लेकराइले खाटेवर घेऊन बसलो होतो मी. दार इकडं काय न तिकडं काय. छप्पर तं भेटन."

"हाव," वच्छलामाय म्हणाली. "तुह्यं खरं हाय."

"मंग?"

"मंग तुही पोरगी शाळेत जाईन. तिले कोनी विचारलं, कुठं राह्यतं वं, तं काय सांगन थे? गल्लीत राह्यतो म्हनन, का गल्लीच्या मांगं?"

रुख्मानं मांडीवरच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. सखाराम नकाशावरच्या कोऱ्या भिंतीच्या रेघेवर बोट ठेवून बसला होता, जणू ते उचललं तर ती रेघ उठून उभी राहील. नामदेव चिडला होता, आणि त्याचं चिडणं मला समजत होतं. पूर त्याच्या घरात शिरला होता. मोठमोठ्या गोष्टींसाठी थांबायचं म्हटलं तरी पुढचा पावसाळा काही कोरडा जाणार नव्हता.

वच्छलामायनं मला विचारलं, "सायेब, दार गल्लीत ठेवलं तं घरं किती होतेत?"

"तीन."

"तीन करा. माह्यं नाव काढून टाका."

"माय, असं काहून?" नामदेव एकदम उभाच राहिला.

"मले एकटीले काय लागते रे? मी घरात असतो कुठं? आज याची बायको, उद्या त्याची सून. तुमी राहा तिथं. पन दार तिकडं पाह्यजे. मी मांगच्या दारानं जानं सोडलं, तं तुमाले मांगच्या दारात कशी बसवू?"

नामदेव तिथून निघून गेला. नाल्यात उतरून बराच वेळ पाठमोरा उभा होता. दुसऱ्या दिवशी मी खिंडारात पोचलो तर तो एकटाच तरवडाची झुडपं उपटत होता. साहेबांनी कुरकुरत तीन घरांच्या नकाशावर सही केली.

त्या वैशाखातली मला अजून सगळ्यात जास्त आठवते ती माती. रुख्मा आणि मोतीरामची बायको लुगडी खोचून चिखल तुडवायच्या, कुटार टाकायच्या, पुन्हा तुडवायच्या. झरीकडच्या जंगलातून सागाच्या बल्ल्या आल्या, कोलाम आदिवासींनी विणलेले बांबूचे ताटवे आले. कुंभाराच्या भट्टीतून कवेलू आले, उन्हात तापलेले, हाताला चटका देणारे. वच्छलामाय रोज पाण्याच्या खेपा घाली. तिचं घर त्यात नव्हतं, हे माहीत नसलेल्या माणसाला ते कळलंही नसतं.

ओटा आखायचा दिवस आला. शिंप्याच्या ओट्यापासून विठोबाजींच्या ओट्यापर्यंत दोरी ताणायची होती, म्हणजे नवे ओटे जुन्यांच्या रेषेत येतील. दोरीचं टोक बांधायला त्यांच्या ओट्याचा खांब लागत होता, आणि तिथं त्यांची खाट आडवी टाकलेली. ते खाटेवर बसून होते. मी दोरी हातात धरून उभा राहिलो. विठोबाजी उठले, खाट उचलून भिंतीला उभी केली आणि आत निघून गेले. दोरी सरळ ताणली गेली. मला अजूनही वाटतं, माणसाच्या मनात एका वेळी दोन माणसं राहतात, आणि त्यांच्यातही कुठंतरी एक सामाईक भिंत असते.

मृगाच्या आधी तीन घरं उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं की कुठलं जुनं आणि कुठलं नवं ते फक्त कवेलूच्या रंगावरून कळे. तो रंगही दोन पावसाळ्यांत जाणार होता. विठोबाजींच्या भिंतीलगत ती उरलेली पट्टी मात्र तशीच राहिली, उकिरड्याला आमंत्रण देत.

पाऊस त्या वर्षी वाईट झाला. नाल्याच्या पुरात वच्छलामायचं झोपडं बसलं. ती बाहेर होती म्हणून वाचली. कोणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली. नामदेव स्वतः जाऊन तिला घेऊन आला. तिची पेटी त्याच्या डोक्यावर, आणि ती मागं चिखलातून ताठ चालत. तिनं पावसाळा नामदेवाच्या सपरीत काढला आणि पुढंही तिथंच राहिली. त्याचा एक साधा परिणाम झाला. पुरात नाला ओलांडून तिला बोलवायला जाण्यापेक्षा गल्लीतल्या ओट्यावरून हाक मारणं सोपं होतं. ज्यांनी तिला बोलावणं सोडलं होतं, त्यांच्याही घरून हाका यायला लागल्या. कळा सुरू झालेल्या बाईच्या घरी दार कुठलं याची चर्चा फार वेळ चालत नाही. ती समोरच्या दारानं जाई.

गल्ली एकदम बदलली असं मी म्हणणार नाही. विहिरीवर घागरी दूर सरकवल्या जात होत्या, हे मी पाहिलंय. सखारामच्या बायकोनं दिलेली आंब्याची फोड एका घरात बैलाला घातली गेली, तेही ऐकलंय. पण नवे ओटे जुन्या ओट्यांना लागूनच होते. तुरी निवडायला बसलेल्या बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू न येण्याचा उपाय नव्हता, आणि ऐकू आलेल्या बोलण्याला कधीतरी उत्तर दिलं जातंच.

त्या हिवाळ्यात शांतीला बघायला पाहुणे आले. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, नवी घरं कोणाची? विठोबाजींनी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "नेटकी बांधली," आणि कापसाचा भाव विचारू लागला. सोयरीक जमली. ज्या प्रश्नाची धास्ती घेऊन एक माणूस वर्षभर बसला होता, तो पाहुण्यांनी पानाला चुना लावता लावता संपवला. हे मला पुढं खुद्द विठोबाजींनीच सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत.

पुढच्या चैत्रात ते पांढरकवड्याला माझ्याकडे आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पावसानं त्यांची भिंत आणखी फुगली होती. पट्टीत पाणी साचून अनुसयाबाईच्या चुलीमागं ओल उतरली होती. ती बाई महिनाभर एकच गोष्ट बोलत होती, असं ते म्हणाले. कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

"त्या पट्टीत घर बसते का सायेब?"

"अरुंद बसेल. पण तुमची भिंत लागेल."

"लागू द्या."

"दार?"

ते टोपीची घडी करत राहिले. मग म्हणाले, "गल्लीत सगळ्याइचे हायेत तसंच."

चौथ्या घराची मंजुरी अजून रद्द झाली नव्हती. मी त्याच रात्री नव्हे, त्याच तासाला कागद पुढं ओढला. इतकं अरुंद घर मी पुन्हा कधी काढलं नाही. दोन्ही हात पसरले की बोटं भिंतींना लागावीत एवढंच. सपरी, खोली, चूल, एकामागं एक. बाजूला खिडकीला जागा नाही, म्हणून छपरात काचेचं कवेलू. दुपारी त्यातून उजेडाची एक पट्टी उतरून जमिनीवर हळूहळू सरके.

वच्छलामायला मी आनंदानं सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुमी सांगून राह्यले. त्यानं काय सांगतलं?"

मी निरोप पोचवला. त्या संध्याकाळी विठोबाजी नामदेवाच्या ओट्यासमोर आले. वर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. आजवर ते तिला वच्छली म्हणत.

"वच्छलाबाई," ते म्हणाले, "भितीले भित लागू द्या. राहाले या."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "येतो," ती म्हणाली. "पावसाआधी."

माझी बदली पुढच्याच उन्हाळ्यात झाली. निघण्याआधी एकदा सायकलवर मुकुटबनला जाऊन आलो. दुपारची वेळ, गल्ली पांढरीफटक पडलेली, लिंबाचं पानही हलत नव्हतं. वच्छलामायचं दार उघडं होतं. आदल्या रात्री कुठं तरी अडलेली बाळंतीण होती, ती सोडवून ती सकाळी घरी आली होती, आणि आता सपरीत चटईवर गाढ झोपली होती. एक हात उंबऱ्याकडे टाकलेला. मी हाक मारायला तोंड उघडलं तर शेजारच्या ओट्यावरून विठोबाजींनी बोट ओठावर ठेवलं.

तेवढ्यात गल्लीत पऱ्हाट्या भरलेली बंडी शिरली. चाकांच्या लोखंडी धावांचा खडखडाट भिंतींना आपटत येत होता. विठोबाजी ओट्यावरून उतरले आणि अनवाणीच तापल्या धुळीतून बंडीला सामोरे गेले.

"उतर बे खाली," ते दबक्या आवाजात म्हणाले. "बैलाइले हातानं ने. हळू. बाई झोपली हाय."

बंडीवाला खाली उतरला. कासरा धरून त्यानं बैलांना पावलापावलानं पुढं काढलं. शिंप्याची मशीन थांबली. मी सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ती खाली टेकवली नाही.